नांदीनंतरचं बंद दार

घरातलं माणूस दवाखान्यात शेवटच्या घटका मोजतंय आणि तुम्ही तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर तोंडाला रंग लावून गाताय. टाळ्या पडतायत. तुम्हाला कुणी काही सांगितलेलंच नाही. आता बोला, याला त्याग म्हणायचं का?

लगेच मान हलवू नका. बडोद्यातली भलीभली माणसं गेली चाळीसेक वर्षं याला त्यागच म्हणत आली आहेत. शाली दिल्या, श्रीफळं दिली, माइकसमोर डोळे पुसले. ज्या बाईला या शाली मिळाल्या तिला मात्र कुणी विचारलं नाही की बाई, त्या दिवशी झालं काय? आणि विचारलं असतं तरी ऐकलं नसतं. खरं ऐकायला आपल्या लोकांना सवड असते कधी?

तर ती बाई मोहना खैरनार. प्रतापनगरच्या पुढे दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहते. सत्तरीला टेकली, गुडघे गेले, पण आवाजाची धार गेली नाही. खाली भाजीवाला आला आणि हिने गॅलरीतून "ऊभा रहो, भाई!" म्हटलं की भाजीवाल्याबरोबर अख्खी सोसायटी उभी राहते. शेजारणी तिला मोहनाबेन म्हणतात. ही बाई एके काळी संगीत नाटकाची नायिका होती हे त्यांच्या गावीही नाही. ते ठाऊक दांडियाबाजारातल्या मराठी लोकांना, आणि त्यांना जे ठाऊक आहे ते चुकीचं आहे.

मोहनाचे वडील रेल्वेच्या नोकरीपायी खानदेशातून बडोद्याला आले. नवरा रमाकांत रेल्वेच्याच वर्कशॉपात फिटर. दोघांचं दुसरं घर म्हणजे सुरंजन संगीत मंडळ. हौशी मंडळ हो, पगारबिगार काही नाही. दिवसभर कुणी कचेरीत फायली उपसायचं, कुणी बाजव्याच्या कारखान्यात पाळी करून यायचं, आणि संध्याकाळी सगळे ऑर्गनभोवती. मंडळाचे सर्वेसर्वा प्रतापसिंहराव शिर्के, सगळ्यांचे रावसाहेब. संस्थानातल्या अंमलदाराचे नातू. रुबाब असा की बसलेली माणसं उठून उभी राहायची. पण खोटं कशाला बोला, नाटकावरून जीव ओवाळून टाकणारा माणूस.

या मंडळाचा एक नियम होता. नांदी झाली की विंगेकडचं मागचं दार बंद. भरतवाक्य होईपर्यंत बाहेरचा निरोप आत यायचा नाही. चांगला नाही, वाईट नाही, कसलाच नाही. गाणाऱ्याचा श्वास हलला की सूर हलतो आणि सूर हलला की सगळा प्रयोग कोसळतो, असं रावसाहेबांचं म्हणणं. आणि ते दार राखायचं काम कुणाकडे होतं? रमाकांतकडे. त्याला गळा नव्हता, पाठांतर नव्हतं, म्हणून त्याला दार दिलं. स्टूल टाकून असा बसायचा, जणू किल्ल्याचा दरवाजाच राखतोय. एकदा ऑर्गनवाल्याला मुलगा झाला. त्याचा मेहुणा पेढे घेऊन पळत पळत आला, तर रमाकांतने पेढे ठेवून घेतले आणि मेहुण्याला परत पाठवला. प्रयोग संपल्यावर पुडा पुढे करून म्हणाला, "घ्या, तोंड गोड करा. पोरगा तुमचा, नियम आमचा!" सगळे पोट धरून हसले. मोहनाही हसली.

हे लक्षात असू द्या. तीही हसली होती.

पुढे एका रविवारी दुपारचा प्रयोग होता. सकाळपासून रमाकांतची छाती जड झालेली. "गॅस धरलाय," म्हणाला. "काल शेव-उसळ जरा जास्तच हाणली. तू हो पुढे, मी नीरूला सांभाळतो." नीरू म्हणजे नीरजा, त्यांची सात वर्षांची एकुलती एक लेक. मोहनाने त्याला ओवा दिला, पोरीची वेणी घातली, साड्यांची ट्रंक रिक्षात टाकली आणि निघाली. दारावर त्या दिवशी स्वतः रावसाहेब बसले.

दुसरा अंक रंगात आला होता तेव्हा शेजारचा बापू सायकल हाणत नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी आला. रमाकांत घरात कोसळला होता. चार जणांनी उचलून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. पोरगी बरोबर होती. माणूस शुद्धीवर होता आणि बायकोला बोलवा म्हणत होता.

रावसाहेब म्हणाले, "अंक संपू दे."

अंक संपला. तेव्हा म्हणाले, "आता एकच राहिलाय. तिथे डॉक्टर आहेत ना? ही जाऊन काय करणार आहे?"

बापू हमाली करणारा माणूस. अंमलदाराच्या नातवापुढे त्याने आवाज चढवायचा कसा? बसला पायरीवर. आत मोहना गात होती. त्या दिवशी गळा असा लागला होता की साथीला बसलेल्यांचंही भान सुटलं. पद संपलं आणि आरोळी उठली, "वन्स मोअर!" संगीत नाटकात वन्स मोअर नाकारायचा नसतो, तो प्रेक्षकांचा हक्क आणि नटाचं भाग्य. तिने पद पुन्हा म्हटलं. पुन्हा आरोळी. पुन्हा म्हटलं. बाहेर पायरीवर बापूने दोन्ही हात कानांवर ठेवले होते.

भरतवाक्य झालं, पडदा पडला, दार उघडलं. मोहना रंगलेल्या तोंडानेच धावली. अंगावर नाटकातली नऊवारी, कपाळावर नाटकातलं कुंकू. दवाखान्याच्या जिन्यात पोरगी एकटी बसली होती. आईकडे तिने मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली. वर जाऊन उपयोग नव्हता.

तेरावा व्हायच्या आत गोष्ट शहरभर फिरली, आणि फिरता फिरता तिचा चेहरा बदलला. "बाईंना विंगेत कळलं होतं. डोळे मिटले, रंगभूमीला हात लावला आणि उभ्या राहिल्या!" हे पहिल्यांदा कोण म्हणालं? शोकसभेत, माइकवर, रावसाहेब. खोटंच बोलायचं ठरवून ते बोलले, असं मोहना आजही म्हणत नाही. त्यांना ते दार सोसवत नव्हतं, म्हणून त्यांनी ते गोष्टीतून काढून टाकलं. इतकं सोपं असतं ते. माइक ज्याच्या हातात त्याला एक दार गायब करायला कितीसा वेळ लागतो?

मोहना गप्प बसली असं समजू नका. पहिल्याच सत्काराला उभी राहून म्हणाली, "मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी गेले असते." सभागृहभर कौतुकाचे सुस्कारे. "बघा, किती विनय!" पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. माणसाने जीव तोडून खरं सांगावं आणि चार शहाण्यांनी त्याला विनय म्हणावं, याच्यासारखी मुस्कटदाबी नाही. त्यापेक्षा पोलिसाचा दंडुका परवडला, निदान तो वळ तरी उठवतो.

मग शाल का घेतली, असं तुम्ही विचाराल. नीरजानेही विचारलं होतं. नुकती वयात येत होती. एका कार्यक्रमात रावसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून तीच गोष्ट पुन्हा सांगितली. घरी आल्यावर चप्पल काढता काढता पोरगी म्हणाली, "तिसरा पण द्यायचास ना वन्स मोअर."

"नीरू, मला कुणी सांगितलंच नव्हतं गं."

"म्हणजे रावसाहेब खोटं बोलतात?"

"हो."

"मग त्यांच्या हातून शाल कशाला घेतेस?"

उत्तर होतं मोहनाकडे, पण ते पोरीला सांगण्यासारखं नव्हतं. रमाकांतच्या जागी तिला रेल्वेत नोकरी लागली ती रावसाहेबांनी साहेबांचे उंबरठे झिजवले म्हणून. त्या नोकरीवर चूल पेटत होती, त्याच पोरीची शाळा चालली होती. ज्याने वाटोळं केलं त्याचेच उपकार डोक्यावर. अशा वेळी बाईने काय करायचं ते कुठल्या पोथीत लिहिलंय? ती गप्प बसली. पोरीने त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला आणि तो अर्थ घेऊनच मोठी झाली.

नीरजा शिक्षिका झाली. लग्न करून अलकापुरीकडे राहायला गेली. आईचं सगळं करते. गोळ्या आणते, डॉक्टरकडे नेते, दिवाळीला साडी आणते. फक्त आईच्या घरात बसत नाही. उभ्या उभ्या येते, उभ्या उभ्या जाते. "बस ना जरा," म्हटलं की "चालो, उशीर होतोय" ठरलेलं.

आणि मोहना परत कधी रंगमंचावर चढली नाही. त्याचीही लोकांनी गोष्ट केली: पतीच्या आठवणीत रंगभूमी सोडली म्हणे! अहो, सकाळी कचेरी, संध्याकाळी स्वयंपाक, मध्ये पोरगी. आणि नाट्यगृहाचं मागचं दार दिसलं की ती रस्ता बदलायची. एवढंच.

रावसाहेब गेले, फोटो होऊन मंडळाच्या भिंतीवर लागले. गोष्ट मात्र जिवंत राहिली. आणि मध्यंतरी मुंबईहून मालिकावाले आले.

संगीत मंडळींच्या आयुष्यावर मालिका काढत होते. जुन्या वळणाचं नाट्यगृह हवं होतं, ते बडोद्यात सापडलं; मंडळाचे प्रयोग व्हायचे तेच. दिग्दर्शक शुभंकर, तिशीतला, दाढीवाला. पोरगा वाईट नव्हता. मंडळात त्याने ती गोष्ट ऐकली आणि पत्ता काढत मोहनाच्या घरी येऊन पाया पडला.

"मावशी, तुमचा तो प्रसंग म्हणजे आमच्या मालिकेचा कळस आहे."

"कुठला प्रसंग रे बाबा? जो झाला तो, की जो सांगतात तो?"

शुभंकर चमकला. तिने त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. बापू, पायरी, दार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मध्ये न बोलता ऐकत होतं. त्याचा चहा गार झाला तरी त्याने कप उचलला नाही.

"मला पैसे नकोत, पाटीवर नाव नको," मोहना म्हणाली. "तेवढं दार दाखव."

"बघतो, मावशी."

"बघतो नाही. दाखवतो म्हण."

"दाखवतो," तो म्हणाला.

या एका शब्दावर बाईने पुढचे दिवस काढले. माइकवरून जे पसरलं ते पडद्यावरून पुसलं जाईल. घराघरांत दिसेल. अलकापुरीतल्या एका घरातही दिसेल. तिला बाकीचं जग नको होतं. तिला ते एक घर हवं होतं.

शूटिंग दिवसाचं होतं. प्रेक्षक म्हणून दांडियाबाजार, रावपुरा, वाडीतली मराठी माणसं गोळा केली होती. ठेवणीतली साडी नेसून यायचं, नास्ता मिळणार. नीरजाने आईला ॲक्टिवावरून आणलं. सोडून निघणार होती, पण तिथली एक असिस्टंट मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही पण बसा ना प्लीज, खुर्च्या रिकाम्या दिसतायत." आई पहिल्या रांगेत, लेक तिसऱ्या.

मोहनाचं काम करणारी मुलगी शर्वरी. गाणं तिचं नव्हतं. कुणीतरी मुंबईत आधीच म्हणून ठेवलेलं, इथे स्पीकरवर लागायचं आणि हिने ओठ हलवायचे. मोहनाला त्याचं वाईट वाटलं नाही. "बरं आहे तुझं," ती म्हणाली. "आमचा पडलेला सूर उचलायला मागे कुणी नसायचं." मग नऊवारीचा काष्टा सावरून कसं बसायचं ते तिने खुर्चीतल्या खुर्चीत करून दाखवलं, गुडघा कळवळला, आणि दोघीही हसल्या.

आधी विंगेतला प्रसंग घेतला. पहिल्या रांगेच्या बाजूला छोटा पडदा होता, त्यावर दिसत होता. सायकलवरून माणूस आला. मोहना खुर्चीत पुढे सरकली. माणूस सायकल टाकून थेट आत शिरला. त्याला कुणी अडवलं नाही. अडवायला दारच नव्हतं. तो शर्वरीच्या कानाशी लागला. शर्वरीने डोळे मिटले, मंगळसूत्र मुठीत धरलं, वाकून रंगभूमीला हात लावला आणि उजेडात चालत गेली.

शेजारचे एक काका नाक ओढत म्हणाले, "वा! असंच झालं होतं. अगदी असंच."

"तुम्ही होतात का तिथे?" मोहनाने विचारलं.

"मी नव्हतो हो. पण सगळ्यांना माहीत आहे."

तेवढ्यात स्पीकरवर पद लागलं. शर्वरीचे ओठ हलायला लागले. पद संपता संपता असिस्टंट मुलीने हात वर केला आणि ठरल्याप्रमाणे सगळे ओरडले, "वन्स मोअर! वन्स मोअर!"

मोहना उठली. खुर्चीच्या दांडीला रेटा देऊन, कण्हत उठली. आणि ज्या आवाजाला कधी माइक लागला नव्हता त्या आवाजात म्हणाली,

"पुरे! घरी जाऊ द्या तिला!"

स्पीकर गातच राहिला. शर्वरीचे ओठ थांबले.

"कट, कट!" शुभंकर धावत आला. "मावशी, काय होतंय? अरे, पाणी आणा कुणीतरी."

"पाणी नको. दार कुठंय?"

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "लिहून बघितलं, मावशी. शपथेवर सांगतो. पण दार दाखवलं की ती काहीच करत नाही. नायिकेने काहीतरी ठरवावं लागतं हो. नाहीतर बघणाऱ्याला काय मिळणार?"

"मी काही ठरवलंच नव्हतं. दुसऱ्यांनी ठरवलं. तेच तर दाखवायचं होतं."

"पण यात तुम्ही किती मोठ्या दिसता!"

"मोठी? नवरा मरतोय हे कळल्यावर जी बाई ताना घेते ती मोठी? अरे, तसली बाई शेजारी राहायला आली तर तुझी आई तिला वाटीभर साखर तरी देईल का?"

मागून काकांचा आवाज आला, "विनय बघा बाईंचा."

मग मात्र मोहना वळली.

"विनय घाला चुलीत! मला सांगितलं नाही. बापू पायरीवर बसून होता आणि मला सांगितलं नाही. तुमच्यासारखे इथे बसून वन्स मोअर ओरडत होते आणि माझा माणूस दहा मिनिटांवर माझी वाट बघत होता. मला कळलं असतं तर त्या नाटकावर थुंकून अनवाणी पळाले असते मी!"

शर्वरी रंगमंचाच्या कडेला येऊन पाय सोडून बसली होती. "मी पण पळाले असते, आजी," ती हळूच म्हणाली.

आता शुभंकरने ऐकलं असेल, असं तुम्हाला वाटलं असणार. नाही ऐकलं. तो म्हणाला, "अर्धा तास ब्रेक घेऊ," आणि फोन कानाला लावून बाहेर गेला. नंतर पहिल्या रांगेतल्या त्या खुर्चीवर दुसऱ्या बाईला बसवून प्रसंग जसाच्या तसा घेतला.

मोहना नाट्यगृहाच्या मागच्या पायरीवर जाऊन बसली. बापू बसला होता ती जागा. फरशी नवी होती, जागा तीच. थोड्या वेळाने नीरजा आली. नेहमीसारखी उभी राहिली, किल्ली बोटात फिरवत. आईला वाटलं, आता "चालो" म्हणेल.

नीरजा खाली बसली.

"तुला खरंच माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"सांगितलं होतं मी तुला."

"सांगितलं होतंस. मला वाटलं, आता लाज वाटते म्हणून म्हणतेस."

आत स्पीकरवर तेच पद पुन्हा लागलं. पाठोपाठ ठरवून दिलेली आरोळी. नीरजाने ती ऐकून घेतली. मग आईकडे न बघता म्हणाली, "बाबा सारखे दाराकडे बघत होते. मी विचारलं, आई का येत नाही? तर हसले. खरंच हसले, आई. म्हणाले, 'वन्स मोअर मिळाला असणार तिला. येईल.' जरा वेळाने परत म्हणाले, 'दुसरा पण मिळाला वाटतं.' मग नाही बोलले."

मोहनाने पदर तोंडात कोंबला.

रमाकांतला ठाऊक होतं. दार बंद असणार हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पेढे ठेवून घेऊन बापाला पोराची बातमी न देणारा तोच की! बायकोला कळलेलं नाही, म्हणून ती आलेली नाही, हे ओळखूनच तो पडून होता. तिच्यावर रुसून नाही गेला. आणि हे तिला सांगू शकेल असं एकच माणूस जगात होतं. ते माणूस इतकी वर्षं तिच्या घरात उभ्या उभ्या येऊन जात होतं.

आतून वॉचमन येऊन म्हणाला, "बेन, अहीं बेसवानी मनाई छे." नीरजा म्हणाली, "बसू द्या हो काका. आई बसलीय माझी."

मालिका लागली. तो भागही लागून गेला. दार नाहीच. मंगळसूत्र होतं, डोळे मिटणं होतं, मागे सनई होती. लोकांचे फोन आले, मोहनाबाई, आम्ही रडलो. त्या संध्याकाळी नीरजा आपल्या मुलीला घेऊन आईकडे आली होती. मुलगी आकांक्षा, आठवीतली. पडद्यावरची शर्वरी उजेडात चालत गेली तेव्हा पोरगी आजीकडे वळून म्हणाली, "आजी, तू अशी गेलीस?"

मोहनाने तोंड उघडलं, पण नीरजा आधी बोलली. "नाही गं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दार बंद होतं." आणि भाग संपेपर्यंत आईच्या खांद्याला खांदा लावून पलंगावर बसून राहिली.

एक घर झालं. पण तो तुकडा आता मोबाइलवर फिरतोय, आणखी फिरेल. त्याला अडवायची ताकद मोहनाकडे नाही. दिग्दर्शक तिचा नाही, माइक तिचा नाही. आता तुम्ही उरलात. ही गोष्ट तुम्ही इथवर वाचलीत, म्हणजे तुम्हाला दार दिसलं आहे. म्हणून मागणं तुमच्याकडे आहे. तो प्रसंग तुमच्या घरात लागला आणि शेजारी बसलेलं कुणी डोळे पुसत "काय बाई होती!" म्हणालं, तर कृपा करा, टीव्हीचा आवाज बंद करा, आणि त्या माणसाला एवढंच सांगा: तिला कुणी सांगितलंच नव्हतं.